पुसायचा राहिलेला ठिपका

डहाणूला लोक चिकू खायला जातात, समुद्र बघायला जातात. मी तिथे एक ठिपका पुसायला गेले होते.

हे जरा उलगडून सांगते. मी पुण्यात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. वय चोपन्न, स्वभाव तापट, आणि दोन्ही आता बदलण्यातले नाहीत. गेली काही वर्षं माझा विषय आहे पुरवठ्याची जाळी. शेतातलं धान्य तुमच्या डब्यात येईपर्यंत किती हातांतून जातं, ते हात एकमेकांना कसे जोडलेले असतात, त्यातला एक निसटला तर बाकीच्यांचं काय होतं, हे कागदावर मांडायचं. प्रत्येक माणूस, दुकान, गोदाम म्हणजे एक ठिपका. माल जिथून जिथे जातो तिथे एक रेघ. असे शेकडो ठिपके आणि रेघा झाल्या की त्या सगळ्यांचं मिळून एक वेगळंच वागणं सुरू होतं, आणि ते एकेका ठिपक्याकडे बघून कळत नाही. लोक याला पुरवठा साखळी म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. साखळीत एका कडीला दोनच शेजारी असतात. खऱ्या जगात कुणालाही दोनच शेजारी नसतात.

तर, नाचणी विकत घेणारी एक मोठी कंपनी आहे. नाव सांगणार नाही, तिला फुकटची प्रसिद्धी कशाला द्यायची. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत तिची चौदा खरेदी केंद्रं आहेत. तिला पाच ठेवायची होती आणि नऊ बंद करायची होती. कुठली नऊ, ते गणिताने सांगावं म्हणून काम आमच्या विभागाकडे आलं आणि विभागातून माझ्या टेबलावर. तीन हंगामांच्या पावत्या मी कॉम्प्युटरला घातल्या. बंद करायच्या यादीत सगळ्यात वर नाव आलं रानशेतचं.

कारण अगदी सरळ होतं. बाकीच्या केंद्रांवर पंधरा-वीस, कुठे साठ विकणारे. रानशेतला तीन वर्षं एकच नाव, जानकी बारक्या. तिची एक रेघ केंद्राकडे आणि केंद्राची एक रेघ तलासरीच्या गोदामाकडे. असा एकांड्या रेघेचा ठिपका पुसला तर जाळ्याला काही होत नाही, असं आमचं शास्त्र म्हणतं. आमचे विभागप्रमुख माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत आणि एकेकाळी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे. ते म्हणाले, मॅडम, सही करून टाका.

पण मला एक गोष्ट खुपत होती. एका बाईच्या नावावर एवढी नाचणी? डोंगराकडेच्या गावात एवढी जमीन कुणाची असते? मी म्हटलं, जाऊन बघून येते. तर विभागप्रमुख म्हणतात, जाऊन असं काय दिसणार आहे जे आकड्यांत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जानेवारीत पाच दिवसांची रजा टाकली आणि स्वतःच्या खर्चाने निघाले.

सोमवार, डहाणू रोड

डहाणू रोडला माझी मावसबहीण निमा राहते. ती स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते, तिचे यजमान प्रकाशराव तालुक्यातल्या शाळेत मास्तर आहेत. तिच्या खिडकीमागे मी अर्धा तास उभी होते. समोरच्याने मराठीत विचारलं, हिने हिंदीत पैसे मागितले, मागच्या गुजराती बाईला गुजरातीत रांगेत उभं केलं आणि मान न वळवता मला मराठीत सांगितलं की पोट आत घे, वाटेत येतंय. तीन भाषांत सारखाच खवचटपणा करता येतो हे मला तिथे कळलं.

घरी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. वर चिकू. निमाकडे चिकू जेवणाआधी असतो, जेवणानंतर असतो, चिकूची वाळवलेली चकती असते, आणि आता कुणीतरी चिकूचं लोणचं करायला लागलंय म्हणून तेही ताटात होतं. ते लोणचं मी एकदा खाल्लं, परत खाणार नाही.

मी कशाला आले ते ऐकल्यावर निमा म्हणाली, म्हणजे नऊ दुकानांना कुलूप लावायला आलीस आणि इकडचे लोक तुला चहा पाजतील असं तुला वाटतं. मी म्हटलं, कुलूप मी लावत नाही, मी फक्त गणित करते. ती ताट उचलत म्हणाली, "कुलूप लावणारा पण हेच म्हणतो, मी फक्त किल्ली फिरवतो." ती झोपली तरी ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. बहिणी अशाच असतात, खुपेल तिथेच बोट ठेवतात.

मंगळवार, रानशेत

रानशेतच्या केंद्रावर सुमन असते. चाळिशीची, दहावी झालेली, कंपनीची माणूस म्हणजे गावात ती एकटीच. केंद्र म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. तिथे एक इलेक्ट्रॉनिक काटा, धान्यातली ओल मोजायचं यंत्र आणि पोत्यांवर नाव घालायची निळी शाई. फोनवर तिनेच सांगितलं होतं की मंगळवारी या, त्या दिवशी माप आहे.

शेअर जीपमधून उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं. भाताची कापलेली खाचरं, मधूनमधून ताडाची झाडं, मागे डोंगराचे उतार. त्या उतारांवर नाचणी होते. इथे तिला नागली म्हणतात. आमच्याकडे बार्शीच्या बाजूला नजर पोचेपर्यंत सपाट ज्वारी. इथे माणूस शेतात उभा राहिला तर एक पाय वर आणि एक खाली.

मी सुमनला म्हटलं, जानकीबाईंना भेटायचंय. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने गवती चहा घालून कोरा चहा केला, आणि तो पिऊन झाल्यावर मला घरामागच्या खळ्यावर घेऊन गेली.

सारवलेल्या खळ्यावर नागलीची रास होती. तांबूस, बारीक, कमरेएवढी उंच. भोवती पंचवीस-तीस माणसं, बायाच जास्त. मी लॅपटॉपची पिशवी सावरत, वही काढत थेट राशीपाशी गेले. एक म्हातारे गृहस्थ हलकेच माझ्या पायांकडे बघत होते. मी चपला घालून खळ्यावर चढले होते.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेली बाई मी, माझ्या वडिलांनी यासाठी मला एक थोबाडीत मारली असती. चपला हातात घेऊन खाली उतरले, माफी मागितली. ते गृहस्थ, म्हणजे लखमादादा, म्हणाले, असू दे, शहरात खळं नसतं. त्यांनी ते समजुतीने म्हटलं म्हणून जास्त लागलं.

मग माप सुरू झालं. लखमादादांनी लाकडी माप राशीत खुपसलं, काठोकाठ भरलं, टोपलीत ओतलं आणि मोठ्याने म्हणाले, "जानकी." दुसरं माप ओतलं, म्हणाले, दोन. मग तीन, चार.

आमच्याकडेही रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लहानपणी मी वडिलांबरोबर ते ओरडलेली आहे. त्यामुळे इथे एकाच्या जागी काहीतरी वेगळं असणार हे समजलं. पण बाईचं नाव? मी सुमनला विचारलं, यातल्या जानकीबाई कोणत्या? ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या वारल्या, मॅडम. चार वर्षं झाली."

माझा आवाज चढला. तीन वर्षं पावत्या मेलेल्या बाईच्या नावावर? कंपनीला कळलं तर काय होईल, कल्पना आहे का? माप थांबलं. कुणी घाबरलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. लखमादादांनी माप खाली ठेवलं आणि मला खळ्याच्या कडेला बसायला सांगितलं.

हकिगत अशी. जानकीबाई त्यांच्या थोरल्या भावाची बायको. पुष्कळ वर्षांपूर्वी सगळ्यांनी दुकानातलं नवं बी आणलं, भरघोस कणसांच्या आशेने. ते बी या उतारांवर रुजलं नाही आणि जुनं तोवर सगळ्यांनी खाऊन संपवलं होतं. जानकीबाईंनी तेवढं जुनं बी राखेत घालून मडक्यात ठेवलं होतं. पुढच्या पावसाआधी त्यांनी दारात येईल त्याला मूठमूठ दिलं. तेव्हापासून रिवाज पडला. जो ते बी नेतो, त्याची नागली जानकीच्या राशीत येते. सगळ्या घरांची नागली एका खळ्यावर ओततात. आधी बी बाजूला काढतात, मग प्रत्येक घराची वर्षाची खायची, उरलेली विकतात. पैसे बचत गटाच्या खात्यात जातात, त्यात लपवाछपवी काही नाही. फक्त रास जानकीच्या नावाने सुरू होते म्हणून पोत्यावर नावही तिचंच. सुमनला त्यात वेगळं काही लिहायचं सुचलंच नव्हतं.

मी विचारलं, किती घरं? एकेचाळीस, असं चार-पाच जणी एकदम म्हणाल्या.

माझ्या नकाशावर जिथे एक रेघ होती तिथे एकेचाळीस होत्या. गणित बरोबर होतं, पण मी पावतीवरच्या नावाला माणूस समजत होते. आणि यापेक्षा वाईट म्हणजे, मी खरं लिहिलं तर कंपनी म्हणणार बोगस नाव, आणि केंद्राला त्याच दिवशी टाळं. नाही लिहिलं तर एका रेघेचा ठिपका म्हणून टाळं. सुमनने हे माझ्याआधी ओळखलं होतं. ती एवढंच म्हणाली, केंद्र गेलं तर पोती तलासरीला न्यावी लागतील, चारोटीला गाडी बदलून. ज्याच्याकडे टेम्पो असेल त्याचीच जातील. मग रास कोण करणार?

दुपारी तिने नागलीची भाकरी, वालाच्या पापडीची भाजी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मी तिचं केंद्र बंद करायला आले होते हे तिला ठाऊक होतं आणि ती मला दुसरी भाकरी घ्या म्हणत होती. मी दुसरी भाकरी घेतली.

बुधवार, तलासरी

तलासरीचं गोदाम हायवेच्या कडेला आहे. आमच्या नकाशावरचा हा सगळ्यात मोठा ठिपका, चौदाही केंद्रांच्या रेघा इथे येतात. गोदाम सांभाळणारे हितेशभाई अत्यंत सालस गृहस्थ. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरतात आणि आपण परत आणलं की हसून परत येतात. त्यांनी मला शेव-उसळ खायला घातली. पुण्याच्या माणसाला उसळीत गोडवा आणि वर एवढी शेव म्हणजे जरा धक्काच असतो, पण मी दोन वाट्या खाल्ल्या.

त्या दिवशी सकाळी हायवेवर एक टँकर आडवा झाला. गुजरातच्या बाजूने आणि मुंबईच्या बाजूने ट्रकच्या रांगा लागल्या. गोदामाच्या दारात एक ट्रक अडकला, त्यामागे दुसरा, त्यामागे केंद्रांवरून आलेले टेम्पो. दुपारपर्यंत एक पोतं आत गेलं नाही, एक बाहेर आलं नाही. हितेशभाई शांतपणे चहा मागवत होते. महिन्यातून एखाददा होतंच, म्हणाले. मी मात्र बसल्या जागी उकळत होते. सगळ्या रेघा एकाच ठिपक्यातून नेल्या की तो ठिपका आजारी पडला तर सगळं जाळं अंथरुणाला खिळतं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. आणि आमच्या अहवालात हेच लिहिलं होतं की लहान केंद्रं काढा, सगळं तलासरीला आणा.

अडकलेल्या टेम्पोपाशी एक बाई तिच्या तीन पोत्यांवर बसून होती. नाव कमळ, सासर तलासरीकडच्या पाड्यावरचं. वेळ जाईना म्हणून मी तिच्याशी बोलत बसले. नागली चांगली टपोरी होती. सहज विचारलं, बी कुठलं? ती म्हणाली, माझ्या माहेरचं, रानशेतचं. लग्नात आईने पदरात बांधून दिलं होतं. मी म्हटलं, मग तू जानकीच्या राशीत का नाहीस? तिने माझ्याकडे असं बघितलं की या बाईला एवढंही कळत नाही. म्हणाली, लांब दिलेल्या लेकीने पोती कशी न्यायची? ती दरवर्षी फडक्यात बांधून मूठभर पाठवते. ती मूठ राशीत पडली की ती राशीतलीच. तिच्या सासरच्या पाड्यावर अकरा घरांनी तिच्याकडून बी नेलं होतं. तिच्या बहिणीने ते पलीकडे गुजरातेत नेलं होतं.

मी उठून उभी राहिले. रानशेतला परत जायचं होतं, आणि हायवे अजून बंदच होता. हितेशभाईंनी त्यांच्या ओळखीच्या दूधवाल्याच्या गाडीत आतल्या रस्त्याने पाठवलं. किटल्यांच्या मध्ये बसून आले, साडी दुधाने भिजली, कंबर धरली. डहाणूला पोचले तेव्हा निमा माझ्याकडे बघून पोट धरून हसली आणि मग न विचारता गरम पाणी काढून दिलं.

गुरुवार, पुन्हा रानशेत

सकाळी सुमनच्या अंगणात सगळे जमले. चपला मी फाटकापाशीच काढल्या. आडपडदा न ठेवता सांगितलं की तुमचं केंद्र बंद करायच्या यादीत पहिलं आहे आणि ती यादी मी केली आहे. वाचवायचा एक सोपा मार्ग आहे. पुढच्या हंगामापासून एकेचाळीस घरांच्या एकेचाळीस पावत्या करा. प्रत्येकाची पोती वेगळी, नाव वेगळं. तुमचा ठिपका एका दिवसात तालुक्यात मोठा होईल, कुणाची छाती होणार नाही हात लावायची.

मला वाटलं होतं, लोक आनंदतील. लखमादादांनी मान हलवली. नाही म्हणाले.

मी समजावलं. मग चिडले. मग पुन्हा समजावलं. म्हटलं, नावाचाच प्रश्न आहे ना, कागदावर वेगळं लिहा, खळ्यावर तुम्ही काय म्हणता ते कोण ऐकतंय. त्यावर लखमादादा उठले आणि एका बाईला पुढे बोलावलं. सोनी तिचं नाव. नवरा झाडावरून पडला, मांडीचं हाड मोडलं, यंदा तिच्या शेतात काही पेरलंच गेलं नाही.

"हिची पावती कोणत्या नावाने करू?" त्यांनी मला विचारलं. "हिचं शून्य लिहू?"

सोनीच्या घरी वर्षाची नागली परवाच पोचली होती, राशीतून, बाकी चाळीस घरांसारखीच. पावत्या वेगळ्या केल्या की तिचा ठिपकाच राहणार नव्हता. आणि एकेकाचं पोतं ओलीच्या यंत्रापुढे वेगळं ठेवलं की वरच्या सावलीतल्या उतारावरच्या घरांची नागली नापास होणार होती. राशीत ती खपून जायची, आणि सगळ्यांनी ठरवून खपवलेली असायची. सगळ्या उतारांचं, सगळ्या पाड्यांचं बी एका ठिकाणी मिसळायचं, म्हणून तर एखाद्या वर्षी एखाद्या उताराने दगा दिला तरी बी जगायचं. आम्ही कॉलेजात यावर जाडजूड निबंध वाचतो. जाळं टिकायचं तर त्यात जादा रेघा हव्यात, वरकरणी निरुपयोगी वाटणाऱ्या. यांनी त्या जादा रेघांना एका मेलेल्या बाईचं नाव देऊन ठेवलं होतं, की कुणाला त्या तोडाव्याशा वाटू नयेत.

मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. म्हटलं, ठीक आहे, तुम्ही बदलायचं नाही. मी नकाशा बदलते.

सुमनने एक रिकामं पोतं उसवून अंथरलं आणि निळी शाई आणून दिली. मधोमध एक ठिपका काढला, जानकी. मग एकेक बाई पुढे आली. तिने बी कुणाकडून नेलं, तिच्याकडून पुढे कुणी नेलं, लेकी कुठे दिल्या, कुठून मुठी येतात. बाया एकमेकींच्या चुका काढत होत्या. अगं, ती आशागडची नव्हे, तिची धाकटी जाऊ. कमळचा पाडा आला, तिची गुजरातेतली बहीण आली. दुपार झाली तसा पोत्यावर जागा उरेना, दुसरं पोतं जोडलं. कंपनीला ठेवायची होती त्या पाच केंद्रांपैकी चार केंद्रांवर येणारी नागली याच बियाची होती. माझ्या पावत्यांच्या नकाशात जो ठिपका टोकाला लटकत होता, तो बियांच्या नकाशात मुळाशी होता. रानशेतची रास मोडली असती तर बाकीच्यांना ते लगेच कळलंही नसतं. पहिल्या वाईट वर्षी कळलं असतं.

निघताना लखमादादांनी मला मूठभर बी दिलं, फडक्यात बांधून. मी म्हटलं, माझ्याकडे शेत नाही, गच्चीत चार कुंड्या आहेत. ते म्हणाले, कुंडीत पण माती असते ना. मग म्हणाले, "नेलंत तर राशीत आलात, ताई. विचार करून न्या."

मी विचार केला नाही. नेलं.

पुणे, त्यानंतर

पोत्याचा नकाशा विभागप्रमुखांच्या टेबलावर पसरला तेव्हा खोलीभर शाईचा आणि धान्याचा वास सुटला. ते म्हणाले, मॅडम, बियांचा प्रश्न आपल्या कामात नव्हता. शिवाय मेलेल्या बाईचं नाव कंपनीला दाखवलं तर गोंधळ होईल. जुन्या अहवालावर सही करा, हा भाग पुढे कधीतरी निबंध म्हणून छापू.

मी म्हटलं, सही करणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कारण हे खोटं आहे आणि ते मी केलंय. चूक एकदा केली, वर तिच्यावर सही करणार नाही.

नवा अहवाल मी स्वतः लिहिला. त्यात सगळं सांगितलं, नाव कुणाचं, ते का आहे, चूक कुणाची, आणि तलासरीचं गोदाम एका टँकरने कसं दिवसभर बंद पडलं तेही. कंपनीच्या नियमाप्रमाणे शेवटच्या पानावर एक प्रश्न असतो. अभ्यास करणाऱ्याचा, माल विकणाऱ्यांपैकी कुणाशी काही संबंध आहे का? तिथे सगळे डोळे झाकून ‘नाही’ असं लिहितात. मी लिहिलं, "आहे. मी जानकी बारक्या यांच्या राशीतली आहे." आणि विभागप्रमुखांना न विचारता, ज्यांना पाठवायचा त्या सगळ्यांना पाठवून दिला.

त्यानंतर ते काम माझ्याकडून काढून घेतलं. अपेक्षाच होती. बढतीच्या यादीतही माझं नाव यंदा दिसलं नाही, त्याचं वाईट वाटलं. वाटलं नाही असं कशाला सांगू? पण सही नसलेला जुना अहवाल कुणालाच पुढे नेता आला नाही. रानशेतबद्दलचा निर्णय पुढच्या हंगामापर्यंत थांबवला आहे, असं एका ओळीचं पत्र आलं. थांबवला म्हणजे रद्द केला नव्हे, हे मला कळतं. ते पुन्हा येतील. मीही आहे.

पावसाळ्यात माझ्या गच्चीवर चार कुंड्यांत नागली उभी राहिली. शेजारच्या बाई विचारायच्या, हे गवत कसलं वाढवताय. कणसं वाळल्यावर तळहातांत चोळून काढली तर एक मूठ भरली, जेमतेम. मी ती फडक्यात बांधली, डब्यात घातली आणि पोस्टाने सुमनला पाठवली.

परवा तिचा फोन आला. माप आजच आहे, म्हणाली, तुमची मूठ आत्ताच ओतली, लखमादादांनी सगळ्यांना दाखवून ओतली. मी विचारलं, काटा आहे का अजून खोलीत? आहे, म्हणाली. मग म्हणाली, थांबा, सुरू करताहेत, आणि फोन हातात तसाच धरून उभी राहिली. बायांची बोलणी ऐकू येत होती. मग ती बोलणी थांबली. लाकडी माप राशीत गेल्याचा खस्सकन आवाज आला, धान्य टोपलीत पडल्याचा आवाज आला, आणि लखमादादांचा आवाज आला, जानकी.

मी स्वयंपाकघरात अनवाणी उभी होते. मी म्हटलं, दोन.